सासूबाईंना गुहेत जायचंय

पत्र

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही थायलंडमधल्या फुकेतला जातोय. मी, नवरा, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि 67 वर्षांच्या सासूबाई. तिथल्या फांग-न्गा उपसागरात कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, समुद्रातल्या गुहांत नेतात, त्याचा व्हिडिओ मुलीने आजीला दाखवला आणि तेव्हापासून सासूबाईंनी एकच धोशा लावलाय, "मला ते बघायचंय." त्यांना पोहता येत नाही. नवऱ्यालाही येत नाही. मला तलावापुरतं येतं. नवरा म्हणतो, आईने मोठ्या बोटीतच बसावं, उगाच धोका नको. सासूबाई त्याला काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस जेवताना गप्प होत्या. माझ्या आईचं वेगळंच. थायलंडच्या गुहेत ती मुलं अडकली होती, तिथे नातवंडांना नेऊ नका, असं ती रोज फोनवर सांगते. मुलाला अंधाराची भीती वाटते. दोन सहली बघून ठेवल्यात. एक हॉटेलवरून सकाळी 8 ला निघते, स्वस्त आहे, दिवसभरात पाच-सहा ठिकाणं दाखवतात. दुसरी जवळपास दुप्पट महाग, दुपारी निघते आणि तिच्यात बहुतेक वेळ गुहाच आहेत. शिवाय नवरा म्हणतो, किनाऱ्यावर कयाक भाड्याने मिळतात, आपले आपण फिरू, एवढे पैसे कशाला घालायचे? काय करावं?
एक सून, सोलापूर

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागून. सासूबाईंना जरूर न्या. मुलालाही न्या, फक्त आयत्या वेळी 'नको' म्हणायची मुभा त्याला असू द्या. दोन सहलींतली कोणती घ्यावी, हे मी दरावरून सांगणार नाही. दोघांनाही विचारायचा एक प्रश्न देते, त्याच्या उत्तरावरून तुम्हीच ठरवाल. आणि किनाऱ्यावरून कयाक भाड्याने घेऊन आपले आपण फिरायचा बेत मात्र सोडा.

पोहता न येण्याची भीती पहिल्यांदा बाजूला करू. फांग-न्गात ज्या प्रकारे कयाकमधून नेतात, त्यात पाहुण्याने वल्हवायचं नसतं. मोठी बोट बेटाच्या आडोशाला नांगर टाकते, तिच्या मागच्या बाजूने एकेक कयाक पाण्यात सोडतात, पुढे दोन पाहुणे बसतात आणि मागे बसून गाइड वल्हं मारतो. हे गाइड बहुतेक याच किनाऱ्यावर वाढलेले असतात. कयाक रुंद आणि बसकी असते, अनेक जणांकडे तर हवा भरलेली, सहजासहजी न कलंडणारी. पाणीही खुल्या समुद्राचं नाही. या उपसागराच्या पश्चिमेला फुकेतचं अख्खं बेट आडवं पडलंय, त्यामुळे अंदमान समुद्राच्या लाटा आत येईपर्यंत त्यांचा जोर उरत नाही. डिसेंबरअखेर तिकडे कोरडा ऋतू असतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तोवर ओसरलेला असतो, वारा जमिनीकडून येतो. तुम्ही निवडलेला आठवडा चांगला आहे, गर्दी सोडली तर.

तर मग धोका कशात आहे? पाण्याच्या खोलीत नाही, पाण्याच्या वेळेत आहे. हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

फांग-न्गातली बेटं चुनखडीच्या दगडाची आहेत. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर काळा बसाल्ट आणि जांभा दगड, तो लाटांनी फुटतो पण पाण्यात विरघळत नाही. चुनखडी विरघळते. लाखो वर्षं पावसाचं किंचित आम्ल पाणी भेगांतून झिरपत राहिलं आणि डोंगर आतून पोकळ झाले. मधल्या हिमयुगांत समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही जास्त खाली गेली होती, ती नंतर चढली आणि या पोकळ्यांच्या तळाशी समुद्र शिरला. काही ठिकाणी आतलं छप्पर कोसळलं. त्यामुळे आज बेटाच्या पोटात चहूबाजूंनी उभे कडे आणि वर मोकळं आकाश अशी जागा तयार झालेली दिसते. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की एकदम मोकळा चौक लागतो, तसंच हे. तिथले लोक त्या जागेला हाँग म्हणतात. आत खारफुटी वाढलेली असते, चिखलावर निवट्या उड्या मारतात, कड्यावर माकडं असतात, नशीब असेल तर धनेश दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला या बेटाच्या पोटात असं काही असेल याची शंकाही येत नाही.

या चौकात जायचा रस्ता म्हणजे एक बोगदा. आणि त्या बोगद्याचं छप्पर भरतीच्या पाण्याच्या पातळीला लागून असतं. भरती पूर्ण असली की छप्पर पाण्याखाली जातं, रस्ता बंद. ओहोटी पुरती लागली की काही बोगद्यांत चिखल आणि कालवं उघडी पडतात, कयाक घासते, अडकते. या दोन्हींच्या मधे, पाणी बरोब्बर हवं तेवढं असताना, रस्ता उघडा असतो. प्रत्येक गुहेची ही वेळ वेगळी. एखादी अर्ध्या भरतीला सोपी, एखादी ओहोटी लागल्यावरच. आत शिरताना कित्येकदा कयाकमध्ये पाठीवर आडवं व्हावं लागतं आणि नाकाच्या वर वीतभर अंतरावरून दगड सरकत जातो. त्या दगडाला कालवांच्या कपच्या चिकटलेल्या असतात, ब्लेडसारख्या धारदार. म्हणून 'हात आत, डोकं खाली' असं गाइड ओरडतो तेव्हा ते गमतीत घ्यायचं नाही.

आता समजा तुम्ही भरती चढत असताना आत गेलात आणि फोटो काढता काढता रमलात. तोवर बाहेरच्या बोगद्याचं छप्पर पाण्याला टेकलं. मग पाणी उतरेपर्यंत आतच बसायचं. वर मोकळं आकाश आहे, हवा आहे, कुणी बुडत नाही. पण 67 वर्षांच्या बाईने आणि 6 वर्षांच्या मुलाने कयाकमध्ये दोन-तीन तास बसून राहणं, शेवटी अंधार पडू लागणं, ही काही सहल नव्हे. आणि रस्ता बंद होत असतानाच घाईने बाहेर पडायचा प्रयत्न केला, तर खरा धोका तिथे. पाणी एकसारखं चढत नाही हेही लक्षात ठेवा. भरतीच्या पहिल्या तासात ते सावकाश येतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यांत वेगाने. त्यामुळे 'अजून पाचच मिनिटं' ही मागणी कधी निरुपद्रवी असते आणि कधी नसते, ते गाइडला कळतं, आपल्याला नाही. चांगला गाइड आत शिरण्यापूर्वी दगडावरच्या कालवांच्या रेषेकडे बघतो, पाणी तिच्या किती खाली आहे ते पाहतो आणि त्यावरून ठरवतो. कधी तो नुसती मान हलवतो आणि कयाक वळवतो. त्या मान हलवण्याचेच पैसे तुम्ही मोजत असता.

कोकणातल्या कुणाला विचाराल तर तो हे सगळं एका दमात सांगेल. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. तिथीच्या पाऊणपट आकडा काढला की आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती किती वाजता ते अंदाजाने कळतं, म्हणजे चतुर्थीला साधारण 3 वाजता. हा हिशेब फुकेतला लावू नका, तिथलं घड्याळ वेगळं. पण चंद्र तोच असल्यामुळे नियम तोच. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. सोमवारी सकाळी 9 ला जी गुहा सुखाने उघडी होती, ती शनिवारी 9 ला बंद असू शकते.

म्हणून तो प्रश्न असा. दोन्ही सहलवाल्यांना विचारा, "आम्ही येतोय त्या दिवशी तुम्ही कोणत्या गुहेत आधी नेणार, आणि ते कशावरून ठरवता?"

ज्याला हे कळतं, तो पाण्याची गोष्ट काढेल. त्या दिवशीची भरती अमुक वाजता आहे, म्हणून आधी को पनाक, मग को हाँग ('को' म्हणजे बेट), असं काहीतरी सांगेल, किंवा आदल्या दिवशी तक्ता बघून कळवतो म्हणेल. ज्याचं उत्तर 'रोज हाच क्रम असतो, 12 वाजता जेवण' असं येईल, त्याचा दिवस जेवणाच्या ताटाभोवती फिरतो. अशा सहलीत तुम्ही बुडाल असं मुळीच नाही. बहुधा होतं ते असं की गुहेच्या तोंडापर्यंत नेतात, पाणी जुळत नसतं, तिथेच एक चक्कर मारून परत आणतात आणि सासूबाईंना व्हिडिओत दिसलेली जागा दिसतच नाही. पाच-सहा ठिकाणांच्या सहलीत गुहेच्या वाट्याला फार वेळ उरत नाही, कारण को तापूचा तो उभा सुळका दाखवायचा असतो आणि को पन्यीच्या खांबांवर वसलेल्या कोळी गावात जेवायला उतरायचं असतं. तो सुळका 1974 सालच्या जेम्स बाँड सिनेमामुळे जगभर माहीत झाला आणि डिसेंबरात तिथे बोटींची रांग लागते. तो बघण्यासारखा आहे, नाही असं नाही. पण तुमच्या घरातल्या एका माणसाने एकच गोष्ट मागितली आहे आणि ती हा सुळका नाही. माझा कल दुपारच्या सहलीकडे आहे. दिवसाच्या बोटी परतायला लागल्या की गुहांच्या तोंडची गर्दी पांगते, आणि हाँगमध्ये शांतता असेल तरच तिथे जाण्यात अर्थ. तरीही प्रश्न दोघांना विचारा. महाग म्हणजे शहाणा, असं गृहीत धरू नका.

आरक्षण करताना एक बारीक गोष्ट बघा. को हाँग नावाची बेटं दोन आहेत, एक फांग-न्गा उपसागरात आणि दुसरं क्राबीच्या बाजूला. दुसऱ्यावर सुंदर किनारा आणि खाजण आहे, पण तुम्ही शोधताय ती कयाकची सहल ती नव्हे. पत्रकात फांग-न्गा असं स्पष्ट लिहिलंय ना, ते पाहा.

आता तुमच्या आईंची काळजी. ती खोटी नाही, पण जागा चुकली आहे. 2018 साली 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, ती थाम लुआंग गुहा थायलंडच्या अगदी उत्तरेला, चियांग राय प्रांतात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर डोंगरात आहे. ती मुलं 23 जूनला आत गेली, पाऊस सुरू झाला आणि किलोमीटरच्या किलोमीटर लांब बोगद्यात डोंगरावरचं पाणी भरत गेलं. ते पाणी कधी उतरेल याचा काही नेम नव्हता. समुद्राच्या गुहेत पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे वर्षभर आधी छापलेलं असतं. आईंना हेही सांगा की त्या गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही मदतीला गेले होते. माझा अनुभव आहे, आपल्या माणसांचा हात कुठे लागला होता हे कळलं की मोठ्या माणसांची भीती थोडी ओळखीची होते आणि मग बोलता येतं.

फुकेतच्या समुद्रात ज्या घटनेची आठवण ठेवावी, ती दुसरी आहे. 5 जुलै 2018 रोजी, ऐन पावसाळ्यात, खराब हवामानाचा इशारा असताना समुद्रात गेलेली फिनिक्स नावाची पर्यटक बोट उलटली आणि 47 चिनी पर्यटक गेले. ती कयाक नव्हती आणि उपसागराच्या आडोशालाही नव्हती. पण हवा बिघडल्यावर जो माणूस 'आज नाही' म्हणतो, त्याच्यावर पर्यटकांनी कधीही चिडू नये, हे त्यातून शिकायचं. तुमच्या मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा. इतक्या लांब येऊन, इतके पैसे भरून, हे वाक्य बोटीवर उच्चारायचं नाही.

आणि म्हणूनच स्वतः कयाक भाड्याने घेण्याला माझा ठाम नकार. किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात, मुलीबरोबर अर्धा तास वल्हं मारून बघायला हरकत नाही. पण दोन न पोहणारी माणसं आणि दोन मुलं घेऊन टोकाला वळसा घालून पलीकडे जाणं नाही. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असला की जाताना फार सोपं वाटतं, आपल्याला छान जमतंय असं वाटतं आणि परत फिरल्यावर कळतं की आता कयाक जागची हलत नाही. गुहेत तर गाइडशिवाय डोकावायचंही नाही. लाल बावटा लावलेला असेल त्या दिवशी किनाऱ्यावर पायसुद्धा भिजवू नका.

सासूबाईंकडे वळते. तुमच्या पत्रातलं 'दोन दिवस जेवताना गप्प होत्या' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या मिस्टरांचं आईवर प्रेम आहे, त्यात शंका नाही. पण मला वाटतं, पाण्याची भीती त्यांची स्वतःची आहे आणि ती त्यांनी आईच्या नावावर टाकली आहे. हे त्यांना तुम्ही एकांतात, मुलांसमोर नव्हे, मायेने विचारा. "तुम्हाला स्वतःला भीती वाटते का?" असं सरळ. वाटत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. ते मोठ्या बोटीत थांबू शकतात, तिथूनही कडे सुरेख दिसतात. पण आईने थांबायचं की जायचं हे आईंनी ठरवायचं. ज्या बाईने आयुष्यभर घरातल्या सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या, तिने 67 व्या वर्षी एक गोष्ट तोंडाने मागितली आहे. 'आई, तुम्ही बसा बोटीत' हे वाक्य सुरक्षिततेसाठी म्हटलेलं असलं तरी त्यांच्या कानाला ते 'तुमचं आता झालं' असंच ऐकू येतं.

त्यांनी ठरवावं, पण आधी नीट माहिती घेऊन. गुहेत खरा कस लागतो तो गुडघ्यांचा आणि पाठीचा, पोहण्याचा नव्हे. तेव्हा घरी एक करून पाहा. जमिनीवर सतरंजी टाकून त्यांना पाय लांब करून बसू द्या, मग हळूहळू पाठीवर आडवं होऊ द्या, मिनिटभर थांबू द्या आणि पुन्हा उठून बसू द्या. एका हाताचा आधार घेऊन हे जमलं, तर कयाकमधलं बहुतेक सगळं जमलं. त्याहून अवघड भाग म्हणजे मोठ्या बोटीतून कयाकमध्ये उतरणं. बोट हलत असते, कयाकही हलत असते. मागच्या बाजूला पाण्यालगत सपाट फळी आहे की नुसती शिडी, हे सहलवाल्याला विचारा. सपाट फळी असेल आणि दोन माणसं हात धरणार असतील तर काळजी नाही. शिडी असेल आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे असतील तर दुसरी सहल बघा. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना या सहलीचं सांगून विचारा. कालवाच्या कपचीने नुसतं खरचटलं तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ते लवकर थांबत नाही.

साडी नको. भिजलेली साडी जड होते, पायात गुंतते. सलवार-कुर्ता, तोही अंगासरशी आणि ओढणीशिवाय. त्यांना अवघड वाटणार असेल तर सोलापुरात आठ दिवस आधीपासून संध्याकाळी घरात घालून सवय करा. बांगड्या आणि गळ्यातलं हॉटेलच्या तिजोरीत. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी चपला. चष्म्याला दोरी.

त्या शाकाहारी असतील तर नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, माशाचा सॉस तिकडे भाजीतही पडतो. 'जे' जेवण हवं असं आधी कळवा, त्यात मांस, अंडं, मासळी काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो.

जॅकेटबद्दल मी कुणाशीही तडजोड करणार नाही. पोहता येणाऱ्यांसाठीचं साधं जॅकेट वेगळं आणि न पोहणाऱ्यांसाठीचं वेगळं. आतल्या बाजूच्या पट्टीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. 50 लिहिलेलं जॅकेट नुसता तरंगायला आधार देतं आणि ते पोहणाऱ्यांसाठी असतं. 100 किंवा त्याहून जास्त असलेलं जॅकेट तोंड पाण्याबाहेर राहील अशा तऱ्हेने बनवलेलं असतं. सासूबाई, मिस्टर आणि मुलगा यांच्यासाठी 100 चं मागा, आरक्षण करतानाच मागा. मुलाचं जॅकेट त्याच्या मापाचं हवं आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घातल्यावर जॅकेटच्या खांद्यांना धरून त्याला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्याचं नव्हे, दुसरं मागा. मोठ्या बोटीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत ते अंगावर असावं, नुसतं गुहेपुरतं नाही.

आणि निघण्याआधी दोन-तीन रविवार सोलापुरातल्या एखाद्या जलतरण तलावावर जा. पोहायला शिकण्यासाठी नव्हे, तेवढ्यात ते येणारही नाही. जॅकेट घालून पाण्यात उतरायचं, हात सोडायचे, मान मागे टाकायची आणि आपण तरंगतो हे अंगाला कळू द्यायचं. मिस्टरांना तर नक्की न्या. न पोहणारा माणूस पाण्यात पडल्यावर घाबरून जॅकेटशीच झटापट करतो. एकदा तरंगून पाहिलेला माणूस तसं करत नाही. कदाचित त्या तलावावर त्यांचंही मन बदलेल, पण तो हेतू ठेवून नेऊ नका.

मुलाचा अंधार. बोगदे फार लांब नसतात, पण काहींत मध्यभागी मिट्ट काळोख होतो, वर वटवाघळं लटकलेली असतात आणि त्यांच्या विष्ठेचा उग्र वास नाकात भरतो. ते त्याच्यापासून लपवू नका. वास येणार, काळोख होणार, मग उजेड येणार, या क्रमाने सांगा. घरी दिवे बंद करून त्याच्याबरोबर सतरंजीवर पाठीवर पडा आणि त्यालाच बॅटरी लावू द्या. गुहेत गाइडकडे बॅटरी असते, पण त्याची स्वतःची एक छोटी कपाळावर बांधायची बॅटरी असली की अंधारावर त्याचा ताबा राहतो. वटवाघळांच्या अंगावर ती मारायची नाही, एवढं शिकवा. तरी गुहेच्या तोंडाशी तो रडला, तर तो तिथून परत. त्याच्याबरोबर कोण परतणार हे सोलापुरातच ठरवून टाका. तिथे पाण्यावर बसून 'तू थांब, मी जातो' करत बसलात तर दोघांचाही विरस होईल आणि मुलाला वाटेल की आपल्यामुळेच झालं. मला विचाराल तर मिस्टरांनी ही जबाबदारी घ्यावी. त्यांनाही थांबायला एक सन्मानाचं कारण मिळेल.

कोण कुठे बसणार, तेही सांगते. मुलगा तुमच्याबरोबर. मिस्टर आले तर एका कयाकमध्ये ते आणि गाइड. आणि आजी-नात एकत्र. तुम्हाला वाटेल 11 वर्षांच्या मुलीवर भार कशाला. भार गाइडवर आहे. पण ही हौस त्या दोघींची आहे, व्हिडिओ त्या दोघींनी पाहिला, बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिला चौक त्यांनी शेजारी बसून पाहावा असं मला फार वाटतं.

आत गेल्यावर आवाज करू नका. कड्यांमध्ये तो घुमतो आणि पाखरं उठतात. या भागातल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात, ती खाण्यासाठी विकली जातात आणि त्यांना फार मोल आहे. आपल्या वेंगुर्ल्याच्या समोरच्या खडकाळ बेटांवरही याच कुळातल्या पाकोळ्या आहेत आणि त्यांची घरटी चोरीला जाण्याचा त्रास आपल्याकडेही झालेला आहे. लोंबणाऱ्या दगडांना हात लावू नये, बोटांच्या तेलाने त्यांची वाढ खुंटते. माकडांना काही देऊ नका, पुढे आली तरी. एक चावा किंवा ओरखडा म्हणजे त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना आणि सहल तिथेच संपली. 1981 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले नियम गाइड सांगेल ते पाळा.

प्रवास विमा घेतला असेलच. त्यात साहसी खेळ वगळल्याचं कलम असतं का ते वाचा आणि कयाकिंग धरलंय का हे कंपनीकडून लेखी घ्या. आयत्या वेळी हा वाद घालण्याचं बळ कुणात नसतं.

शेवटी तारखेचं. कालनिर्णय उघडून तुमच्या आठवड्यात पौर्णिमा-अमावस्या कधी आहे ते पाहा आणि सहलवाल्यालाच विचारा की आमच्या मुक्कामात गुहांसाठी पाणी कोणत्या दिवशी चांगलं आहे. उधाणाला काही गुहा उत्तम लागतात, भांगाला काही लागतच नाहीत, ते त्याला माहीत असतं. तो सांगेल तो दिवस घ्या, फक्त मुक्कामाचा शेवटचा दिवस नको. वारा सुटला किंवा सासूबाईंना आदल्या रात्री झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी जाता आलं पाहिजे. रद्द झाल्यास तारीख बदलून मिळते की पैसे परत, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या. बाकीचे दिवस मिस्टरांना हवे तसे आखू द्या, पण या दिवसानंतरचा एक दिवस मोकळा ठेवायला सांगा.